परदेशात रोजची कीर्द लिहा: फिरतानाचा पैसा कसा सांभाळायचा

तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर मी हिशेब बघते. संगणक आले, बिलं ऑनलाइन झाली, तरी संध्याकाळी पेटीतली रोकड मोजून कीर्दीशी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीशी, जुळवल्याशिवाय आमच्या पेढीचं शटर खाली येत नाही. परदेशी फिरायला निघताना मी हीच सवय सोबत नेते. नेरूळच्या आमच्या सोसायटीत कुणाचं थायलंड, दुबई, व्हिएतनाम असं काही ठरलं की पैशाचं विचारायला माझ्याकडे येतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहून काढलंय. उदाहरणं जास्त करून व्हिएतनामची आहेत. मागच्या दिवाळीनंतर आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, कॉलेजातली लेक आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, तिकडे जाऊन आलो आणि त्या सहलीची वही आत्ता माझ्यासमोर आहे.

निघण्याआधी आकडा कसा काढायचा

"माणशी लाख रुपये" असा एकच आकडा धरून बरेच जण निघतात. तिथे रस्त्यावर उभं असताना त्या लाखातले किती उरले, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी पैशाचे आधीच वाटे करते. विमानाची तिकिटं, व्हिसा, विमा, हॉटेलचं बुकिंग हे घरबसल्या भरून होतं, ते वेगळ्या पानावर लिहायचं आणि विसरायचं. दुसरा वाटा एकदाच होणाऱ्या मोठ्या खर्चांचा: हालाँग बेची बोट, सिंगापूरचा थीम पार्क, आतल्या आत करायचा विमानप्रवास. तिसरा रोजचा खर्च, जेवण, चहापाणी, टॅक्सी, तिकिटं. आणि चौथा अडीअडचणीचा, ज्याला हात लावायचा नाही.

या चारांत खरा घोळ होतो तो तिसऱ्यात, म्हणून त्याच्यावर एक संध्याकाळ घालवा. रोजच्या खर्चाचा आकडा तिथल्या चलनातच काढायचा. मी काय करते, तर ज्या भागात राहणार तिथली चार-पाच साधी खानावळवजा हॉटेलं नकाशावर शोधते आणि लोकांनी टाकलेले मेनूकार्डाचे फोटो बघते. फोटो गेल्या काही महिन्यांतलेच हवेत, जुन्या फोटोंतले भाव फसवतात. त्यावरून दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, दोन वेळची कॉफी, पाणी, फळं, टॅक्सी असं मांडत जायचं. सकाळचा नाश्ता हॉटेलच्या भाड्यात असेल तर तो सोडून द्यायचा. आमचं चौघांचं दिवसाला १५ लाख डोंग असं निघालं. लाख ऐकून घाबरू नका, रुपयाला साधारण ३०० डोंग येतात, म्हणजे दिवसाचे ५,००० रुपये झाले.

सगळे दिवस सारखे धरू नका. पहिल्या दिवशी सिमकार्ड, विमानतळावरून टॅक्सी, आणि दमलेल्या माणसांना समोर दिसेल तिथे जेवायला बसवणं, हे सगळं येतं. शेवटच्या दिवशी खरेदी उरकायची असते. या दोन दिवसांना मी दीडपट धरते.

काही खर्च लपवलेले नसतात, पण आपल्या हिशेबातून सुटतात. युरोपातल्या बऱ्याच शहरांत हॉटेलवाले माणशी, रात्रीमागे शहराचा कर वेगळा घेतात. दुबईत हॉटेलच्या खोलीवर रोजचा ‘टुरिझम दिरहम’ लागतो. बालीने १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना माणशी १,५०,००० रुपियांचं शुल्क लावलंय. सिंगापूरच्या मेनूकार्डावर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली तर समजायचं की १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी वरून येणार. चार माणसांच्या जेवणाला हा फरक चांगलाच जाणवतो.

टूर कंपनीबरोबर जात असाल तर काय धरलंय यापेक्षा काय धरलेलं नाही, ते आधी विचारा. दुपारची जेवणं, ‘ऑप्शनल’ म्हटलेल्या सहली, गाइड आणि ड्रायव्हरची टिप, हे बहुधा बाहेरच असतं आणि टिप डॉलरमध्येच मागतात.

चलन घेताना एकच प्रश्न विचारा

वाशीत सेक्टर १७ ला आणि ठाण्यात स्टेशनच्या बाजूला परवानाधारक मनी चेंजर आहेत, शिवाय बँका आहेतच. तीन ठिकाणी फोन करा आणि तिन्हीकडे एकच प्रश्न विचारा: "मला हजार डॉलर रोख हवेत, सगळं धरून माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?" भाव काय, कमिशन किती, असं सुटं विचारू नका. ‘झिरो कमिशन’ लिहिलेल्या दुकानाने नफा भावातच धरलेला असतो.

समजा बाजारात डॉलर ९० रुपये आहे. एक जण कमिशन न घेता ९१.५० ने देतो, म्हणजे हजार डॉलरमागे १,५०० रुपये जास्त. दुसरा ९०.८० चा भाव सांगतो आणि वर १५० रुपये आकार लावतो, म्हणजे ९५० जास्त. कमिशन घेणारा इथे स्वस्त पडला. लाखापर्यंतच्या व्यवहारावर जीएसटी फारसा नसतो, पूर्ण लाखाला १८० रुपये, त्यामुळे कुणी जीएसटीच्या नावाखाली मोठा आकडा सांगितला तर पावती मागा.

पासपोर्ट, पॅन, व्हिसा आणि तिकीट घेऊन जा. ५०,००० रुपयांच्या वरची रक्कम दुकानदार रोखीत घेऊ शकत नाही, ती खात्यातूनच द्यायची. बहुतेक देशांसाठी एका फेरीला माणशी ३,००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, त्यावरचे पैसे कार्डावर. भारतीय रुपये बाहेर नेण्याची मर्यादा माणशी २५,००० आहे. परतल्यावर घरी जायच्या टॅक्सीपुरते चार-पाच हजार ठेवले तरी पुरतात.

टीसीएसचं, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराचं, बरेच जण विचारतात. आपण स्वतः चलन घेतलं किंवा फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधी भरून ठेवायचं कार्ड) भरलं तर एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांपर्यंत तो लागत नाही, १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा आहे. टूर पॅकेजवर मात्र पहिल्या रुपयापासून लागतो. तो पैसा बुडत नाही. आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, फक्त तोपर्यंत अडकून पडतो. म्हणून पॅकेज घेताना ती रक्कम बजेटमध्ये धरून ठेवा आणि ज्याच्या नावे कापली गेली त्याच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतेय का ते बघा. सासूबाईंच्या नावे कापली आणि त्या विवरणपत्रच भरत नसतील, तर परतावा मागण्यासाठी ते भरावं लागेल.

विमानतळावर, आपल्या काय आणि तिकडच्या काय, भाव वाईट असतो. उतरल्यावर टॅक्सी आणि सिमकार्डापुरतंच तिथे बदलायचं.

कोणतं चलन न्यायचं हे देशावर ठरतं. दुबईचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे, तेव्हा डॉलर नेले तरी भावाची धास्ती नाही. व्हिएतनामला डोंग इथून घेऊन जाण्यात अर्थ नाही, डॉलर न्यावेत. तेही १०० च्या नोटा, कोऱ्या, न दुमडलेल्या, शाईचा ठिपका किंवा शिक्का नसलेल्या. मळक्या नोटा तिकडे परत करतात आणि छोट्या नोटांना भाव कमी देतात. मनी चेंजरकडे नोटा हातात आल्या की तिथेच काउंटरवर एकेक उजेडात धरून बघा आणि नको ती बदलून मागा. मागे रांग असली तरी मागा. तिथे गेल्यावर बँकेत किंवा परवाना असलेल्या दुकानातच डॉलर मोडा. पासपोर्ट मागतात, त्यामुळे तो सोबत हवा.

कार्डांचं

घरात दोन वेगळ्या बँकांची कार्डं असू द्या आणि ती दोन वेगळ्या माणसांकडे ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातच चालतं, परदेशातला वापर आपण ॲपमधून सुरू करावा लागतो. निघण्याआधी घरी बसून तो सुरू करा आणि मर्यादाही घाला. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचे मेसेज त्यावरच येतात.

साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा वरचा आकार, असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. साडेतीनचा हिशेब ४.१३ टक्क्यांवर जातो, म्हणजे ५०,००० च्या खर्चाला २,०६५ रुपये. मार्कअप न घेणारी कार्डंही मिळतात. वर्षातून एकदाच बाहेर जाणार असाल तरी एक घेऊन ठेवा, फक्त वार्षिक शुल्क बघून घ्या. फॉरेक्स कार्डाचा फायदा असा की भरताना जो भाव होता तोच पुढे राहतो. पण कार्डात डॉलर भरलेत आणि खर्च डोंगमध्ये केलात तर चलन बदलण्याचा आकार परत लागतो. जिथलं चलन कार्डात भरता येतं, जसं युरो, येन, बाथ, सिंगापूर डॉलर, तिथेच ते खरं कामाचं.

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण पैसे जातात आणि कळतही नाही. दुकानातलं मशीन किंवा एटीएम आपलं कार्ड भारताचं आहे हे ओळखतं आणि स्क्रीनवर विचारतं, रुपयांत द्यायचे की इथल्या चलनात? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो आणि बोट तिकडेच जातं. त्या रुपयांचा भाव मशीनवाल्याने ठरवलेला असतो आणि तो चढाच असतो. दर वेळी तिथलंच चलन निवडायचं. एटीएमवर हा प्रश्न जरा अवघड शब्दांत येतो: ‘कन्व्हर्जन’ मान्य की अमान्य. अमान्य दाबलं तर व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटते, पण तसं होत नाही. पैसे बाहेर येतात आणि भाव आपल्या कार्डाचा लागतो. दुकानात मशीन काउंटरवाल्याच्या हातात असतं आणि तो परस्पर बटण दाबून मोकळा होतो, तेव्हा कार्ड देतानाच "डोंग, डोंग" म्हणून सांगा. पावतीवर रुपये छापून आले तर सही न करता व्यवहार रद्द करायला लावा. हे मी लेकीला निघण्याआधी शिकवलं आणि तिकडे सगळ्या मशीनवर तीच उभी राहायची.

एटीएममधून पैसे काढायचे तर थोडेथोडे काढू नका. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला तिथली बँक दर वेळी २२० बाथ किंवा वर घेते, मग हजार काढा नाहीतर दहा हजार. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएमवर आपली कार्डं चालतात. क्रेडिट कार्डावर रोकड मात्र काढू नये, व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं. आणि हॉटेलवाल्याने अनामतीसाठी कार्ड मागितलं तर क्रेडिट कार्ड द्या. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलं तर खर्चायचे पैसे अडकून पडतात आणि सुटायला बरेच दिवस लागतात.

यूपीआय नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, कतार, फ्रान्स अशा देशांत काही ठिकाणी चालतं. ॲपमध्ये परदेशी वापर आधी सुरू करावा लागतो. चाललं तर छान, पण त्याच्या भरवशावर निघू नका.

सिंगापूरला जाणाऱ्या कुटुंबांना एक सांगायचं राहतं: तिथे मेट्रो आणि बसला आपलं बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. चौघांना चार कार्डं लागतात, किंवा बाकीच्यांसाठी तिथलं प्रवासाचं कार्ड घ्यावं.

नोटा ओळखा

पहिल्या रात्री हॉटेलच्या पलंगावर सगळ्या नोटा मांडा आणि घरातल्या प्रत्येकाला हाताळायला द्या. व्हिएतनाममध्ये २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळसर. एक ६५-७० रुपयांची, दुसरी दीड हजाराच्या वरची. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. टॅक्सीत अंधारात देताना गफलत होऊ शकते, म्हणून पाच लाखाच्या नोटा मी पाकिटात ठेवतच नाही, त्यांचं वेगळं पाऊच. प्लॅस्टिकच्या नव्या नोटा एकमेकींना चिकटतात, देताना अंगठ्याने चोळून बघा.

किमती लिहायची पद्धतही बघून ठेवा. हजारानंतर ते स्वल्पविराम न देता टिंब देतात, आणि पाटीवर ‘५० के’ लिहिलं असेल तर ते ५०,०००. रुपयांत आणायला सोपी युक्ती: शेवटची दोन शून्यं काढा आणि तिनाने भागा. दीड लाखाचे झाले पंधराशे, भागिले तीन, पाचशे रुपये. थायलंडला बाथला साधारण तिनाने गुणायचं. निघण्याआधी भाव बघून अशी एक युक्ती बसवा आणि सगळ्यांकडून पाठ करून घ्या. अचूक उत्तराची तिथे गरज नसते, महाग की स्वस्त एवढं चटकन कळलं की झालं.

मोठ्या माणसांच्या हातात पैसे द्या

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि याबद्दल कुणी विचारत नाही.

आपले आई-वडील, सासू-सासरे परदेशात उपाशी राहतात. हॉटेलात बसल्यावर आधी उजव्या बाजूचा आकडा बघतात, मनात रुपये करतात आणि म्हणतात, "मला भूक नाही, तुम्ही खा." हनोईत पहिल्याच दिवशी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "एवढ्याशा कॉफीला सव्वाशे रुपये? मी पाणी पिते." वाशीच्या कॅफेत तेवढेच लागतात हे सांगून उपयोग नव्हता, कारण त्या वाशीच्या कॅफेतही जात नाहीत. मुलाचे पैसे आपल्यापायी खर्च होतायत, हे त्यांना लागत असतं.

यावर उपाय हातखर्चीचा. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मी आईंच्या बटव्यात २ लाख डोंग घालू लागले. हे तुमचे, हिशेब द्यायचा नाही, आणि संध्याकाळी उरले तरी परत घ्यायचे नाहीत. माझ्या वहीत ते सकाळीच खर्ची पडले, त्यामुळे ते कुठे गेले हे मी विचारायचा प्रश्नच उरला नाही. मग त्यांनी फळवालीकडून केळ्यांची छोटी फणी घेतली, नातीला नारळपाणी पाजलं, आणि दोन दिवसांचे साठवून भजनी मंडळातल्या बायकांसाठी भरतकामाच्या चिमुकल्या पिशव्या घेतल्या. फळवालीशी घासाघीस करताना बोटांनी आकडे दाखवायच्या, दोघी हसायच्या. आणि जेवायला बसल्यावर आमचा खर्च बघायचंही त्यांनी हळूहळू सोडलं. मेनूकार्ड मात्र मी त्यांच्यापुढे ठेवायचं बंद केलं. "वरणभातासारखं काही मागवू की भाजी?" असं विचारायचं आणि मागवायचं.

त्या शाकाहारी आहेत. भारतीय रेस्टॉरंट शोधत बसलात तर बिल दुप्पट-तिप्पट होतं आणि टॅक्सी वेगळी. व्हिएतनाममध्ये ‘कॉम चाय’ अशी पाटी असलेल्या छोट्या शाकाहारी खानावळी असतात. बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथे जेवतात, तेव्हा गर्दी असते. भात, पालेभाजी, टोफू, सूप, स्वस्त आणि ताजं. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू नेले होते, संध्याकाळच्या बारीकसारीक खाण्याचा खर्च त्यात भागला. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाताना मात्र खाण्याचं सगळं सामान कस्टमला जाहीर करावं लागतं, नाहीतर दंड होतो.

मुलांनाही अशीच हातखर्ची द्या, फक्त ती रोज न देता पूर्ण सहलीची एकदम. लेकीने पहिल्या दोन दिवसांत अर्धी संपवली आणि पुढे स्वतःच जपून वापरली.

रात्री दहा मिनिटं

आता कीर्द. छोटी वही, दोऱ्याने बांधलेलं पेन. मोबाइलचं ॲपही चालेल, पण वही घरातल्या सगळ्यांना दिसते आणि बॅटरी संपत नाही. आमच्या हनोईतल्या एका दिवसाचं पान असं आहे. सकाळची शिल्लक २४,५०,०००. टॅक्सी ६२,०००. प्रवेश तिकिटं २,८०,०००. दुपारचं जेवण ३,४०,०००. कॉफी १,६०,०००. फळं-पाणी ८५,०००. रात्रीचं जेवण ४,६०,०००. आईंची हातखर्ची २,००,०००. बेरीज १५,८७,०००, म्हणजे हातात हवेत ८,६३,०००. मोजले तर भरले ८,३३,०००. तीस हजार कमी. "तळ्याकाठी आइस्क्रीम," लेक म्हणाली, आणि जुळलं. शंभर रुपयांचा प्रश्न होता, पण त्याच रात्री बघितलं म्हणून दोन मिनिटांत सापडलं. तीन दिवसांनी ते आइस्क्रीम कुणाच्या लक्षात राहिलं असतं? आणि रोज असं थोडंथोडं सुटत गेलं की सहलीच्या शेवटी "पैसे गेले कुठे" यावरून नवरा-बायकोत धुसफूस होते.

कार्डाचा खर्च वेगळ्या पानावर, तिथल्या चलनात, दुकानाच्या नावासह. नंतर स्टेटमेंट याच पानाशी ताडून बघायचं असतं.

आकडा ओलांडला तर दुसऱ्या दिवशी जेवणावर काट मारू नका. तीन दिवसांची सरासरी बघा. तीही वर जात असेल तर टॅक्सी कमी करा किंवा पुढची एखादी मोठी गोष्ट सोडा. लांब आलेल्या माणसांना अर्धपोटी फिरवून वाचवलेल्या पैशात काही राम नाही, असं माझं ठाम मत आहे. घासाघीस बाजारात करा, पण आपली किंमत आधी मनात ठरवून. ठेल्यावर दोन वाट्या सूप विकणाऱ्या बाईशी दहा हजार डोंगसाठी हुज्जत घालू नये, आपले तीस-पस्तीस रुपये असतात ते.

चार घरं मिळून जाताना

मैत्रिणींचा गट असो की दोन-तीन कुटुंबं, वर्गणी काढा. प्रत्येक घराने सुरुवातीला सारखी रक्कम, तिथल्या चलनात, एका डब्यात. खजिनदार एकच. टॅक्सी, पाणी, सगळ्यांनी मिळून केलेलं जेवण डब्यातून. दारू, खरेदी, स्वतंत्र मागवलेले पदार्थ आपापले. हे निघण्याआधी, घरी चहा पितानाच बोलून घ्या. शाकाहारी घराला समुद्री खाण्याच्या मोठ्या बिलात वाटा मागितला की मनं दुखावतात, आणि बोलून कुणी दाखवत नाही. डबा अर्ध्यावर आला की खजिनदाराने सगळ्यांसमोर मोजायचा आणि पुन्हा सारखी वर्गणी घ्यायची. उरलेले शेवटच्या रात्री वाटून टाकायचे.

अडचणीचे पैसे

सगळे पैसे एका पर्समध्ये नकोत. आमच्याकडे रोजची रोकड माझ्याकडे, डॉलर नवऱ्याच्या आतल्या पाऊचमध्ये आणि १०० च्या दोन नोटा आईंच्या परकराच्या खिशात. त्यांनी तो खिसा स्वतः शिवलाय, वर बटण आहे, आणि सगळ्या सहलीत सर्वांत सुरक्षित जागा तीच. पासपोर्ट, विमा, कार्डांच्या मागचा मदत क्रमांक यांचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पाकीट गेलंच तर आधी ॲपमधून कार्ड बंद करा, मग पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. विम्याला ती लागते.

परत आल्यावर

शेवटच्या दोन दिवसांत डोंग संपवत आणायचे. हॉटेलचं किरकोळ बिल रोखीने द्या, उरलेली रक्कम कार्डाने. नाणी इकडे कुणी घेत नाही, जपान-युरोपातून येताना ती विमानतळावरच खर्चून टाका. थायलंडमध्ये एका दुकानात एका दिवशी २,००० बाथच्या वर खरेदी असेल तर कराचा परतावा मिळतो, पण दुकानातच पासपोर्ट दाखवून अर्ज भरून घ्यावा लागतो. विमानतळावर जाऊन आठवलं तर उपयोग नाही.

उरलेले डॉलर लगेच मोडायची घाई नको, घेताना एक भाव आणि विकताना दुसरा, दोन्हीकडून कापले जातात. २,००० डॉलरपर्यंत परदेशी चलन घरी ठेवता येतं, त्यावरचं १८० दिवसांत परत करायचं. आमचे उरलेले पुढच्या सहलीसाठी पासपोर्टबरोबर पाकिटात ठेवलेत, वर रक्कम आणि तारीख लिहून. फॉरेक्स कार्डात पैसे पडून राहिले तर काही बँका वापर नसल्याचा आकार लावतात, तेव्हा ते काढून घ्या. आल्या आल्या कार्डांचा परदेशातला वापर ॲपमधून बंद करा. पुढची दोन स्टेटमेंटं वहीतल्या पानाशी ओळीने ताडून बघा, कारण हॉटेलं आणि गाड्या भाड्याने देणारे कधीकधी उशिरा रक्कम लावतात. वहीत नसलेली नोंद दिसली तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक त्याच पानावर लिहून ठेवा.